हात काळे न करता मेकॅनिकल

सर्वप्रथम अभिनंदन. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, पहिल्या राउंडला कॉम्प्युटर हुकलं, दुसऱ्याला एआय हुकलं, तिसऱ्याला आयटीनं तोंड फिरवलं आणि शेवटी मेकॅनिकलनं तुम्हाला पदरात घेतलं. घरातले आता आल्यागेल्याला "एव्हरग्रीन ब्रँच आहे" असं सांगतील. कॉम्प्युटरवाल्याच्या वडिलांना हे वाक्य कधी म्हणावं लागत नाही, हे मनात आलं तरी बोलून दाखवू नका. मुलगी असाल तर आत्या विचारेल, "लोखंड उचलायला लागतंय म्हणे गं, जमणार का तुला?" आत्याला निर्धास्त करा. चार वर्षांत वर्गातला एकही मुलगा लोखंड उचलत नाही.

डिग्री यंत्र कळल्याबद्दल मिळते, असा एक जुना गैरसमज आहे. ती मिळते फाइल पूर्ण असल्याबद्दल. यंत्र कळून घेण्याच्या नादात दर बॅचला चांगल्या घरची दोन-चार पोरं वाया जातात. शर्टाला ग्रीस, नखांत काळं आणि सबमिशन अर्धवट. तुम्हाला येती चार वर्षं एवढंच करायचं आहे, यंत्रापासून लांब राहायचं.

दुसऱ्या गावात हे सहज जमतं. सोलापुरात जपावं लागतं, कारण इथे यंत्रं गल्लीबोळांत मोकाट आहेत. साखर पेठ, अशोक चौक असं पूर्वभागातून जाताना यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येईल. त्या शेडच्या दारात चुकूनही थांबू नका. आत क्रँकशाफ्ट फिरत असतो, त्याच्या जोरावर फणी मागेपुढे होत आडवा धागा ठोकून बसवत असते, आणि खालच्या शाफ्टवरचे कॅम, म्हणजे एका बाजूला फुगलेल्या चकत्या, आडवा धागा वाहून नेणाऱ्या धोट्याला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून टोला हाणत असतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की खालच्या शाफ्टचा एक होतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्टचं गणितही हेच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपराला कॅमची आकृती पाठ करायची गरज राहत नाही, ती समजायलाच लागते. आणि समजून लिहिलेलं उत्तर मॉडेल आन्सरशी शब्दाला शब्द जुळत नाही, मार्क जातात.

तिथला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, तर त्याहून धोकादायक. नुसत्या आवाजावरून मागाला काय झालंय ते सांगणारा हा माणूस तुमच्या बॅगेतून बाहेर आलेला ड्राफ्टर बघून विचारेल, "काय बे, इंजिनिअरिंगला हाईस ना? मग सांग की, धोटा का उडूलालाय?" उत्तर द्यायचा प्रयत्न करू नका. हेडफोन घाला, पुढे चला.

चादरीच्या मागावर तर मानही वर करू नका. वर जॅकार्ड असतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक करून पुढे सरकते. भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि तो धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. त्यातून सोलापुरी चादरीवरचा मोर उमटतो. फ्रान्सच्या लियों गावातल्या जाकारनं हे तंत्र 1804 च्या सुमारास आणलं आणि पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्राला हुकूम द्यायला हेच पुठ्ठे घ्यायचे ठरवले. म्हणजे जी ब्रँच मिळाली नाही म्हणून तुम्ही आठवडाभर जेवला नाहीत, तिचा पणजोबा तुमच्या घराच्या मागच्या गल्लीत चादरी विणत बसलेला आहे. अशी माहिती मनाला त्रास देते. टाळलेली बरी.

आता कॉलेजात या. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ग्राफिक्स असतं. पुस्तक सांगतं की वस्तू पहिल्या कोनात ठेवून समोरून, वरून आणि बाजूनं कशी दिसेल ती कल्पना करा. कल्पना कसली करता? खिडकीची काच काढा, दोन खुर्च्यांवर आडवी टाका, खाली बल्ब लावा, सीनियरची शीट अंथरा, तिच्यावर आपली आणि जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारा. एप्रिल-मेच्या सोलापुरात खाली बल्ब आणि वर बेचाळीस डिग्री असताना घामाचा थेंब शीटवर पडू न देणं, हे या विषयातलं खरं कौशल्य. सीनियरनंही त्याच्या सीनियरवरून जीटी मारलेली असते. त्यामुळे कधीकाळी कुणाची तरी राहून गेलेली एक डॉटेड लाइन सगळ्या बॅचच्या शीटवर गैरहजर असते. तुम्ही शहाणपणा करून ती काढलीत, तर सर विचारतील, "ही लाइन कुठनं आली?" पूर्वजांचा मान राखा.

वर्कशॉपला खाकी बॉयलर सूट घालावा लागतो. पहिल्याच दिवशी फोटो काढून घ्या, "इंजिनिअर इन मेकिंग" असं लिहून टाका. सूटचं काम तिथे संपलं. फिटिंगला माइल्ड स्टीलचा तुकडा देतात, तो हॅकसॉनं कापून, कानशीनं घासून, एकात एक बसणारी जोडी करायची असते. घासताना दोन तासांत कळतं की कोन नव्वदचा आहे असं म्हणणं वेगळं आणि तो नव्वदचा करणं वेगळं. हे ज्ञान नको असेल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणीतरी ओळखीचा निघतोच. फक्त त्याला सांगा, थोडं वाकडं कर. फार सुबक जॉब आणलात तर पकडले जाल.

वर्कशॉपमधले मामा हा प्राणी आता दुर्मिळ होत चालला आहे. पगारपत्रकावर त्यांना अटेंडंट म्हणतात. लेथवर टूल लावताना ते सेंटरच्या उंचीवर आलं की नाही हे मामा डोळ्यांनी सांगतात, चिप कशी सुटते आहे ते पाहून स्पीड बदलतात. त्यांच्या आसपास फिरकू नका, काहीतरी शिकवतील. त्यांची एकच गोष्ट मात्र ऐका, आणि हे मी गंमतीत सांगत नाही: चक घट्ट केल्यावर किल्ली चकमध्ये ठेवायची नाही. मशीन सुरू झालं की ती उडते आणि कुणाच्या तोंडावर बसेल याचा नेम नसतो. ओढणी, सैल बाह्या, हातातला गोफ यांचंही तसंच. बाकी तुम्ही लेथपासून दूर राहणारच आहात, म्हणून एवढ्यावर थांबतो.

प्रॅक्टिकलचं जर्नल उलटं लिहायचं असतं. आधी उत्तर, मग कॅल्क्युलेशन, मग रीडिंग. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताणाला न बधण्याचं माप, सुमारे 2.1 लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतो हे पुस्तकात आहे. तिथून मागे चालत या. टेस्टिंग मशीन बंद असलं तरी बिघडत नाही, काही ठिकाणी ते बंद असलेलंच सोयीचं पडतं. पूर्ण बॅचचं उत्तर दशांश चिन्हापर्यंत सारखं येणं हा आपल्याकडच्या लोखंडाचा गुण आहे. व्हर्नियरचा लीस्ट काउंट विचारला तर "झिरो पॉइंट झिरो टू" असं ठणकावून सांगा. व्हर्नियर हातात दिला तर मात्र "सर, चष्मा विसरला."

इंडस्ट्रियल व्हिजिट गोव्याला न्यायची असते. कुणी खडूस शिक्षक म्हणेल, दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचं केंद्र आहे, 660 मेगावॅटचे दोन संच आहेत, बॉयलर सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे पाण्याचा दाब 221 बारच्या वर असल्यानं उकळून बुडबुडे येणं हा प्रकारच नाही, थर्मोडायनॅमिक्सच्या आलेखातला पाणी-वाफेचा तो घुमट आपण प्रत्यक्ष ओलांडून जातो. कुणी म्हणेल, चिंचोळीच्या एमआयडीसीत कॅमशाफ्ट ओतले जातात, ते तरी बघू. कुणी म्हणेल, हंगाम आहे, एखाद्या साखर कारखान्यात चिपाडावर चालणारा रँकिन सायकल, म्हणजे पाण्याची वाफ, वाफेची वीज हे चक्र, बघून संध्याकाळी घरी. अशा प्रत्येक सूचनेला एकच उत्तर, "सर, परवानगी मिळत नाही." परवानगी मागितलेली नाही, हा तपशील आहे.

एवढं सांभाळूनही एका प्रसंगातून सुटका नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्ख्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि त्यातली एक तरी नुसती घूं घूं करत बसते. शेजारच्या काकू दारात उभ्या राहतात. "अरे, तू मेकॅनिकलला ना? बघ की जरा, पाणीच ओढंना झालीय." आता मजा अशी की हा प्रश्न तुम्हाला ओरलला आलेला असतो. सेंट्रिफ्युगल पंपाचं केसिंग पाण्यानं भरलेलं नसेल तर इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक, हवा घुसळत बसतो. हवा पाण्याच्या सुमारे आठशेपट हलकी, त्यामुळे खालचं पाणी वर यावं इतका दाबातला फरक तयार होत नाही. म्हणून प्रायमिंग करायचं. तुम्ही हे घडाघडा म्हणून दाखवलं होतं, पैकीच्या पैकी मिळाले होते. पण काकूंच्या मोटारीवर 'प्रायमिंग' असं कुठे लिहिलेलं नसतं. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा येतो, वरचं बूच पान्यानं काढतो, तांब्याभर पाणी ओततो, बूच लावतो, बटण दाबतो. "फूट व्हॉल्व्ह गळूलालाय मावशी, उद्या बदलू." शंभर रुपये घेऊन जातो. तुम्ही डगमगू नका. "काकू, आमच्याकडे डिझाइन असतं, मेंटेनन्स नसतं." काकू मान डोलावतात. मात्र पुढच्या वेळी त्या तुमच्या दारावरून थेट कोपऱ्यावर जातात, म्हणजे तोही त्रास मिटला.

बग्गी बनवणाऱ्या क्लबात नाव जरूर घाला. फक्त मार्केटिंग टीममध्ये. टी-शर्ट सगळ्यांना सारखाच मिळतो आणि रात्री दोनला चेसिसचं वेल्डिंग तुटल्यावर फोन दुसऱ्या कुणाला जातो.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार मिळतो. पेडलवर चालणारा पंप, सोलरवर चालणारी फवारणी, एकाच यंत्रात नांगर-पेरणी-कोळपणी असं काहीही. शेतकऱ्याचं भलं करणारा विषय घ्या. एक्स्टर्नलना शेतकरी म्हटलं की गहिवरून येतं आणि ते यंत्र चालवून दाखवा म्हणत नाहीत. ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा रिपोर्ट, सोनेरी अक्षरांत बाइंड करा. आभाराच्या पानावर प्राचार्य, विभागप्रमुख, गाइड, आईवडील, देव या क्रमानं या. ज्यानं खरोखर वेल्डिंग केलं त्याचं नाव येऊ देऊ नका, कारण "हे काम आम्ही स्वतः केलं आहे" ही सही त्याच्या आधीच्या पानावर असते.

एवढं नीट पाळलंत तर प्लेसमेंटला अडचण नाही. येणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीला मेकॅनिकलची पाटी कोरी हवी असते, तुमची चार वर्षं जपून ठेवलेलीच आहे. इंटरव्ह्यूत "कोअरमध्ये, म्हणजे मेकॅनिकलच्याच कंपनीत, का नाही?" असं विचारलं तर "कोअरमध्ये पगार कमी आहे" असं खरं सांगू नका, "मला टेक्नॉलॉजीची पॅशन आहे" म्हणा. मग हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुणे. आईला सांगून कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर बांधून घ्या. पहिला पगार होईपर्यंत दोन्ही टिकतात, आणि हार्डनेस टेस्ट कधी करायची राहिलीच असेल तर भाकरीवर उरकता येते.