आधी मीटर वाचायला शिकवा

शाळांमधल्या सौरऊर्जेवरच्या चित्रकला स्पर्धा आता पुरे झाल्या, असं माझं स्पष्ट मत आहे. हसरा सूर्य, हिरवी पृथ्वी, खाली आधाराला दोन हात आणि वर घोषणा, ‘सौरऊर्जा वाचवा’. (अहो, ती वाचवायची नसते, वापरायची असते!) बक्षिसं वाटली जातात, फोटो निघतात, आणि आपल्या घराचा मीटर कुठे बसवलाय हे त्या मुलांना तरीही माहीत नसतं.

त्यापेक्षा त्यांना एक वही द्या. आठवडाभर सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला मीटरचा आकडा लिहून ठेवायला सांगा. मग वर्गात बसून वजाबाक्या करा. घरात दिवसा किती युनिट जातात आणि रात्री किती, हे पोरांना स्वतःच्याच अक्षरात दिसलं की पुढचे प्रश्न तीच विचारतात. पॅनेल वीज देणार दिवसा, आपण वापरणार रात्री, मग मधल्या वेळात तिचं करायचं काय? बॅटरीत साठवायची? ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला देऊन बिलात वळती करून घ्यायची? की पंप आणि वॉशिंग मशीनच दुपारी लावायचं? या तिसऱ्या उपायाला एक पैसाही लागत नाही, म्हणूनच की काय, भाषणांत तो फारसा येत नाही. शिवाय ती वही घरी जाते, आईबाप चाळतात, आणि चर्चा आपोआप सुरू होते.

मोठ्यांसमोर आपण थेट पृथ्वीचं भवितव्य मांडून बसतो. समोरचा मान डोलावतो, कारण त्यात नाही म्हणण्यासारखं काही नसतंच. त्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललेलं असतं. पावसाळ्यात काय? टाकीची सावली पडते त्याचं काय? बंद पडलं तर येणार कोण? याची उत्तरं त्याला पाहुण्या वक्त्याकडून नको असतात, ओळखीच्या माणसाकडून हवी असतात. कॅलिफोर्नियातल्या घरांवरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आसपासच्या घरांवर पॅनेल बसत गेले की त्या भागात नव्याने बसवणारेही वाढतात, असं त्यात दिसलं. शेजाऱ्याच्या गच्चीइतकी परिणामकारक जाहिरात कुठलीच नाही.

पण मग उत्तरंही खरी द्यायला हवीत. पॅनेल सहसा एकाला एक जोडून माळेसारखे लावलेले असतात. एकावर सावली आली तर नुकसान तेवढ्यावरच थांबेल असं नाही, सगळ्या माळेची वीज घटू शकते. पॅनेल जितका तापेल तितकी जास्त वीज मिळते हाही गैरसमजच. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नाही. सिलिकॉनचा पॅनेल २५ अंशांपेक्षा जास्त तापला की दर अंशामागे त्याची वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी कमी होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे विकणारा हमखास गाळतो: ग्रिडला जोडलेली, बॅटरी नसलेली नेहमीची यंत्रणा लाईट गेली की भर उन्हातसुद्धा बंद पडते. ती बिघडलेली नसते, पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करून देणारा इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो. नाहीतर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून येणाऱ्या विजेचा शॉक बसेल. हे आधी सांगितलं तर माणूस समजून घेतो. नंतर कळलं तर ‘फसवलं’ म्हणत दहा जणांना सांगत सुटतो, आणि ते दहा जण पुढची पाच वर्षं ऐकून घ्यायला तयार होत नाहीत.

लोकांना सोबत कसं घ्यायचं, हे बघायला डेन्मार्कचं सामसो बेट घ्या. वस्ती जेमतेम ४ हजारांची. १९९७ साली सरकारी स्पर्धेत या बेटाची निवड झाली: दहा वर्षांत स्वतःच्या गरजेइतकी ऊर्जा अक्षय स्रोतांतून मिळवून दाखवायची. सोरेन हर्मनसेन हा तिथल्याच शेतकऱ्याचा मुलगा, तो बैठकांमागून बैठका घेत राहिला. आज जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या आहेत. पण मला आकड्यांपेक्षा मालकी महत्त्वाची वाटते. यातल्या बऱ्याच पवनचक्क्या तिथल्या शेतकऱ्यांच्या किंवा हिस्से घेतलेल्या गावकऱ्यांच्या आहेत. पात्यांचा आवाज, बिघडलेलं दृश्य, या तक्रारी जगात सगळीकडे होतात. कुणीतरी बाहेरून येऊन चक्की उभारतो आणि फायदाही घेऊन जातो, तेव्हा त्या जास्तच होतात. अशा वेळी लोकांना ‘अडाणी’, ‘विकासविरोधी’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आधी हिस्सा देऊन बघा की!

शेवटचा मुद्दा दुरुस्तीचा. उद्घाटनाला सगळे येतात, फ्यूज उडाला की कोणी फिरकत नाही. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने आफ्रिकेतल्या खेड्यांमधून फारसं न शिकलेल्या बायका आणल्या, त्यांत कितीतरी आज्या. रंगांच्या खुणा आणि हातवारे वापरून सहा महिन्यांत त्यांना सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकवली. आज्याच का? तर तरुण मुलगा प्रमाणपत्र मिळालं की शहर गाठतो, आजी गावातच राहते. संस्थापक बंकर रॉय यांचा हा हिशेब मला फार पटतो.

तेव्हा जनजागृतीसाठी निधी हाताशी असेल तर फ्लेक्स छापू नका. गावातच राहणाऱ्या दोघी-तिघींना हे काम शिकवा, दुरुस्तीचे रीतसर पैसे त्यांना मिळतील असं बघा, आणि बसवलेल्या प्रत्येक पॅनेलखाली त्यांचा फोन नंबर रंगवून घ्या.