‘फायबरवाल्या पणजीकरा’चे उत्तर

गोव्यातला सत्तरी तालुका आणि स्टारलिंक कंपनीचे उपग्रहाचे इंटरनेट यांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली एका वाचकाने लिहिले आहे: “घरात फायबर असलेल्या पणजीकराने सत्तरीच्या गप्पा मारू नयेत. उपग्रहाचे इंटरनेट आमच्या बँकेत होते, चक्र फिरतच राही. पावसात तर विचारूच नका. आणि परवडणार कोणाला?”

आधी ‘पणजीकर’. नाव न घालता लिहिलेत, तरी मी ‘साहेब’च म्हणतो. साहेब, 2020 च्या टाळेबंदीत मी सत्तरीतल्याच एका शाळेत शिकवत होतो. माझी सातवीची मुले सड्यावर छत्री धरून रेंज शोधत बसत. एकीचे गणित मला रात्री साडेदहाला पोचले, तेही अर्धाच फोटो. तेव्हा सत्तरी मला कोणी शिकवू नये. (आज पणजीत राहतो, फायबर आहे. गुन्हा नव्हे.)

आता ते चक्र. तुमच्या बँकेचा उपग्रह बहुधा भूस्थिर असणार, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरणारा, आकाशात एकाच जागी दिसणारा, विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच. तिथवर जाऊन खाली यायला लहरीला पाव सेकंद, विचारणा आणि उत्तर मिळून अर्धा. प्रकाशाला मागे टाकणे बँकेच्या मॅनेजरलाही जमायचे नाही. मी लिहिले होते स्टारलिंकविषयी. त्यांचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर. तेवढी ये-जा चार-पाच मिलिसेकंदांत होते. बैलगाडीचा राग कदंबा बसवर कशाला?

इतक्या खाली फिरायचे तर उपग्रह शेकड्यांनी, हजारोंनी लागतात. एकेक दीड तासात पृथ्वीला फेरा घालतो, आपल्या डोक्यावर जेमतेम काही मिनिटे. चोडणच्या फेरीबोटीसारखे आहे हे, एक सुटायच्या आत दुसरी धक्क्याला लागायला हवी. छतावरचा अँटेना जागचा न हलता आपला झोत एकावरून दुसऱ्यावर वळवतो. असेच इंटरनेट देणाऱ्या वनवेब या दुसऱ्या कंपनीचे उपग्रह 1,200 किलोमीटरवर आहेत, त्यांतले 72 तर 2022 आणि 2023 मध्ये इस्रोनेच श्रीहरिकोट्याहून दोन खेपांत सोडले. तुमच्या बँकेतले ते हे नव्हेत. लेख नीट वाचला असतात तर ही शाळा घ्यावी लागली नसती.

एक मात्र माझे चुकले. अँटेनाला आकाश मोकळे लागते हे लिहायचे राहिले. घरावर फणस नि माड ओणवले असतील तर जोडणी तुटत राहणार. लेखात आता घातले आहे.

पावसाचे म्हणाल तर मुसळधारेत वेग पडतो, टीव्हीच्या डिशचेही तेच होते, त्यात नवल काय? दराचे मला विचारू नका, मी विक्रेता नाही.

महिन्यातून एकदा मी तुमच्या सत्तरीत वाळपईला येतो. ‘गप्पा मारू नयेत’ हे तिथे तोंडावर म्हणा. चहाचे पैसे मी देईन.