‘पॉवरपफ गर्ल्स’ मूळची जपानी नव्हे

‘पॉवरपफ गर्ल्स’ या कार्टून मालिकेतल्या ब्लॉसम, बबल्स, बटरकप या तिघी मुळात जपानी अ‍ॅनिमेतल्या (जपानी शैलीच्या कार्टूनमधल्या) असून अमेरिकेने ती मालिका उचलली, असा दावा फिरतोय. खरा क्रम नेमका उलटा आहे.

मूळ मालिका अमेरिकन अ‍ॅनिमेटर क्रेग मॅक्रॅकन यांची. कॅलिफोर्नियात शिकत असतानाच त्यांनी या मुलींवर छोटी फिल्म केली होती. कार्टून नेटवर्कवर मालिका आली नोव्हेंबर 1998 मध्ये. जपानची ‘पॉवरपफ गर्ल्स झेड’ तोएई अ‍ॅनिमेशनने 2006 मध्ये काढली, तीही मूळ मालिका संपल्यावर.

घोळ बहुधा मोठ्या डोळ्यांमुळे होतो, अ‍ॅनिमेतही तसेच डोळे असतात. पण एखादं चित्र समोर आलं तर हात बघा. मूळच्या मुलींना बोटंच नाहीत, नाकही नाही. झेडमधल्या मुलींना दोन्ही आहेत, आणि हातात शस्त्रंही: ब्लॉसमकडे यो-यो, बटरकपकडे हातोडा. मूळ मालिकेत शस्त्रांचं कामच नाही. तिथली ब्लॉसम फुंकरीने बर्फ करते.

जन्मकथाही वेगळी. झेडमधल्या मोमोको, मियाको आणि काओरू या शाळकरी मुली, केमिकल झेड नावाच्या रसायनाच्या किरणांमुळे शक्ती मिळालेल्या. मूळच्या तिघी थेट प्रयोगशाळेत तयार झाल्या, आणि वयाने बालवाडीतल्या.

याच दाव्यासोबत ‘प्रोफेसरने केमिकल एक्स मुद्दाम घातलं’ हेही जोडलेलं दिसतं. (मूळ मालिकेत मुलींना तयार करणारा तो प्रोफेसर, आणि केमिकल एक्स म्हणजे त्यांना शक्ती देणारं रसायन.) साफ चूक. प्रोफेसर युटोनियम साखर, मसाले वगैरे ढवळत असताना त्यांच्या जोजो नावाच्या माकडाने त्यांना धक्का दिला आणि केमिकल एक्सची बाटली फुटून ते मिश्रणात पडलं. तेच माकड पुढे मालिकेतला खलनायक मोजो जोजो झालं.