पिल्लाला दमवू नका, झोपू द्या

गेल्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने आपला नऊ महिन्यांचा बीगल निवाऱ्यात नेऊन सोडला. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "फार मस्तीखोर आहे, आवरतच नाही. रोज दोन-दोन तास पळवतो, तरी शांत म्हणून होत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण गेल्या जूनमध्ये जवळजवळ याच शब्दांत मी आमच्या पशुवैद्य डॉक्टरांपुढे रडकुंडीला येऊन तक्रार केली होती. त्यांनी तेव्हा एक साधा प्रश्न विचारला नसता, तर आमच्या भिंगरीचेही कदाचित हेच झाले असते. म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर गोव्यात फोंड्याजवळ आहे. माझ्या लहानपणी अंगणात कुत्रे असायचे, पण ते राखणीचे. उरलेली पेज खायचे, दिवसभर गावात हिंडायचे आणि ऊन तापले की माडाच्या सावलीत तासन् तास पडून राहायचे. त्यांना कोणी काही शिकवले नाही, म्हणून कुत्रे पाळणे म्हणजे फारसे काही करावे लागत नाही, असाच माझा समज होता. भिंगरी आली ती दोन महिन्यांची होती. आई लॅब्रॅडॉर, वडील गावठी. नाव तिने पहिल्याच संध्याकाळी स्वतःच ठरवून घेतले, असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाने एकच सल्ला दिला : भरपूर खेळवा, दमली की गप्प बसेल. मी तो मनापासून पाळला. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी बँकेतून परतल्यावर तासभर अंगणात चेंडू फेकायचा, ती धावत जाऊन आणायची, पुन्हा फेकायचा. आठ वाजले की तिचे रूप पालटायचे. डोळे मोठे व्हायचे, शेपटी खाली घालून ती या खोलीतून त्या खोलीत सुसाट धावायची, साडीचा काठ दातांत धरून ओढायची, पायाच्या घोट्यांना चावायची. रागावले की आणखी चेकाळायची. मला वाटायचे, अजून हिची ताकद संपलेली नाही, उद्या आणखी खेळवले पाहिजे.

डॉक्टरांनी विचारले, "ती दिवसात झोपते किती?" मला सांगता आले नाही. तीन दिवस वहीत लिहून आणा, एवढेच ते म्हणाले. आम्ही लिहिले. चोवीस तासांत बेरीज आली साडेअकरा तास. त्या वयाचे पिल्लू अठरा ते वीस तास झोपते, हे मला त्या दिवशी कळले. ज्याला आम्ही उत्साह समजत होतो, तो थकवा होता. लग्नघरात जागरण झालेले तान्हे मूल मध्यरात्री जसे किरकिर करते, हातपाय झाडते आणि कोणाच्याच खांद्यावर टिकत नाही, तशीच ती दररोज संध्याकाळी होत होती, आणि आम्ही मात्र तिला पुन्हा चेंडू दाखवत होतो.

या ठिकाणी मला माझे मत ठामपणे मांडायचे आहे. चपळ, सतत धावणाऱ्या पिल्लाला दमवणे हा उपाय नाही. रोज धावायला लावले की पिल्लाचा दम वाढतो आणि आठवड्याभरात त्याला तेवढ्याने भागत नाही. शिवाय चेंडूमागे पुन्हा पुन्हा झेपावण्यात खेळापेक्षा उत्तेजनाचा भाग मोठा असतो, आणि ते उत्तेजन चेंडू कपाटात ठेवल्याबरोबर उतरत नाही. हाडांचा प्रश्न वेगळाच. वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ वाढीचे पट्टे असतात. ते भरून यायला मोठ्या बांध्याच्या कुत्र्यांत वर्ष-दीड वर्षही लागते. तोवर जिन्यावरून उड्या, लांबलचक धावणे आणि निसरड्या लादीवरची झटक्याची वळणे सांध्यांना महागात पडू शकतात. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, वाळूत चार-पाच महिन्यांच्या पिल्लाला स्वतःबरोबर जॉगिंगला घेऊन जाणारी माणसे दिसली की मला थांबून बोलावेसे वाटते. एक-दोनदा मी बोललेही आहे.

मग आम्ही दिवस नव्याने बांधला. तासभर जागे राहणे, दीड-दोन तास झोप, पुन्हा तासभर जागे. ओसरीच्या कोपऱ्यात लाकडी पट्ट्यांचे छोटे कुंपण केले, आत गोणपाट अंथरले, वरून जुन्या चादरीची सावली केली. सासूबाईंना ते मुळीच पटले नाही. "मुक्या जनावराला असे कोंडून घालतात का?" असे त्या दोन दिवस म्हणत राहिल्या, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण शिक्षा म्हणून आत लोटले तर तो कोंडवाडाच होतो. म्हणून पहिले चार दिवस तिचे प्रत्येक जेवण आम्ही त्या कुंपणात, दार उघडे ठेवून दिले. पाचव्या दिवशी दुपारी ती आपण होऊन आत गेली, गोणपाटावर तीन गिरक्या घेतल्या, नाक शेपटीखाली खुपसले आणि अडीच तास हलली नाही. त्या संध्याकाळी आठ वाजता कोणाच्याही पायाला दात लागला नाही. दोन आठवड्यांत वहीतली बेरीज सतरा तासांवर आली.

जागेपणीच्या तासात काय करायचे, हेही हळूहळू उमगत गेले. कुत्र्याचे नाक कामाला लागले की त्याचे मन लवकर निवते. तिच्या रोजच्या कोरड्या खाण्यातला अर्धा भाग आम्ही ताटलीत देणे बंद केले. तो गवतात विखरून टाकायचा, जुन्या टॉवेलात गुंडाळून द्यायचा किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांखाली लपवायचा. दहा मिनिटे हुंगून शोधून झाले की ती आपोआप खाली बसते. तासभर चेंडू फेकून जे साधले नाही, ते मूठभर दाण्यांनी साधले. उरलेला अर्धा भाग शिकवण्यासाठी. "बस", "थांब", "इकडे ये" हे शब्द एका वेळी तीन मिनिटांपेक्षा जास्त घेतले नाहीत. पण सगळ्यांत उपयोगी धडा कोणत्याही शब्दाचा नव्हता. ती न सांगता, स्वतःहून गोणपाटावर आडवी झाली की तिच्या पंजांजवळ हळूच एक दाणा ठेवायचा आणि काही न बोलता निघून जायचे. आपण कुत्र्याला हालचाल केल्याबद्दल बक्षीस देतो, स्वस्थ बसल्याबद्दल देत नाही, आणि नंतर तक्रार करतो की ते स्वस्थ बसत नाही.

आता चावण्याविषयी, आणि माझ्या हातून झालेल्या एका गोष्टीविषयी. दुधाचे अठ्ठावीस दात सुईसारखे असतात. पिल्लू सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत ते पडून बेचाळीस कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे ते चावणारच. त्याला चावायला योग्य वस्तू देणे आपल्या हाती असते. फ्रीजरमध्ये गार केलेले गाजर आणि ओला करून गोठवलेला रुमाल यांनी आमचे बरेच काम केले. पण हे कळण्यापूर्वी मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात सांगितले होते की पिल्लू चावले तर त्याला पाठीवर उलटे पाडून दाबून धरावे, म्हणजे कळपाचा म्होरक्या कोण हे त्याला समजते. मी तसे केले. एकदाच. भिंगरीने धडपड केली, मग अंग एकदम ढिले सोडले, आणि माझ्या हाताखाली तिला लघवी झाली. त्यानंतर आठ-दहा दिवस मी डोक्यावरून हात फिरवायला गेले की ती मान खाली घालून मागे सरकायची. ते मला आजही आठवते आणि लाज वाटते.

या सल्ल्याचे मूळ शोधले तेव्हा आणखी वाईट वाटले. रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने १९४७ साली बंदिवासातल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून झुंज आणि वरचढपणाचे चित्र मांडले. एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात कोंडल्यावर ते भांडणारच. पुढे डेव्हिड मीच या अमेरिकन अभ्यासकाने ती कल्पना लोकप्रिय केली, पण मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर त्यानेच १९९९ मध्ये लिहिले की नैसर्गिक कळप म्हणजे आई-वडील आणि त्यांची पिल्ले, म्हणजे साधे कुटुंब असते. ज्याने ही कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतली, तरी आपल्याकडे पट्ट्याला हिसका देणारे आणि पिल्लाला जमिनीवर दाबणारे प्रशिक्षक आजही पैसे घेऊन हेच शिकवतात. नव्याने कुत्रा घेणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, असा माणूस घरी आला तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. चावण्यावर आम्ही पुढे एवढेच केले की दात लागला, की खेळ तिथेच थांबवायचा, उठायचे आणि अर्धा मिनिट दुसऱ्या खोलीत जायचे. अट एकच, घरातल्या प्रत्येकाने तसेच करायचे. आमच्या घरी ह्यांना ती अंगावर उड्या मारून चावे घेते याचे कौतुक वाटायचे, त्यामुळे महिनाभर काही सुधारणा झाली नाही. घरातल्यांचे एकमत झाल्यावर तीन आठवड्यांत फरक दिसला.

पहिल्या काही महिन्यांत आणखी एक पेच असतो, आणि गोव्याच्या पावसाळ्यात तो जास्तच जाणवतो. लसींची मालिका साधारण सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पूर्ण होत नाही, त्यामुळे पार्व्होसारख्या रोगाच्या भीतीने पिल्लाला बाहेर जमिनीवर सोडता येत नाही. पाणी साचलेल्या वाटांवर उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टो रोगाची धास्ती असते ती वेगळीच. पण जगाची ओळख करून घेण्याचे त्याचे वयही नेमके तेच असते. तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात जे निर्भयपणे पाहिले, ते त्याला पुढे आयुष्यभर ओळखीचे वाटते. आम्ही तिला कडेवर घेऊन हिंडलो. फोंड्याचा बाजार, कदंबाचा बसस्टँड, मार्दोळला देवळाबाहेर बसणाऱ्या फुलवाल्या. रेनकोट घातलेला माणूस तिला भूत वाटायचा आणि उघडणारी छत्री त्याहून भयंकर. म्हणून ओसरीत छत्री उघडी करून ठेवली, तिच्याभोवती दाणे टाकले आणि तिला हवा तेवढा वेळ दिला. चौथ्या दिवशी ती छत्रीखाली झोपलेली सापडली.

पोदेराच्या भोंपूला मात्र फार दिवस लागले. आमच्याकडे सकाळी पावणेसातला पाववाला सायकलवरून येतो, आणि त्याचा तो रबरी भोंपू वाजला की भिंगरी गेटवर धडका देत भुंकत सुटायची. मी तो आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला. घरात अगदी बारीक आवाजात लावायचा, लगेच उकडलेल्या कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यायचा, आवाज बंद, तुकडाही बंद. आठवडाभराने आवाज थोडा वाढवला. मग खरा पोदेर दूरच्या वळणावर असतानाच अंगणाच्या मागच्या टोकाला तिला घेऊन उभी राहू लागले आणि दर दोन-तीन दिवसांनी चार पावले पुढे येऊ लागले. मध्ये एकदा घाई करून थेट गेटाशी नेले, तर तीन दिवसांची कमाई गेली. साधारण महिन्याने एका सकाळी भोंपू वाजला, तिचे कान ताठ झाले, अंग पुढे झुकले, आणि मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. भुंकली नाही. माझ्या हातातली पावाची पिशवी बाजूला ठेवून मी तिथेच चिऱ्यांच्या पायरीवर बसले.

हे सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. सहाव्या महिन्यानंतर भिंगरीला "इकडे ये" हा शब्द जणू ऐकूच येईनासा झाला. ही कुत्र्याची पौगंडावस्था असते आणि बहुतेक लोकांचा धीर याच काळात सुटतो. त्या बीगलचे वयही नेमके तेच होते. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री ढोल-ताशे आणि फटाक्यांनी ती इतकी थरथरली की आम्ही काहीही शिकवायचा प्रयत्न केला नाही, खिडक्या लावून घेतल्या आणि पहाटेपर्यंत आळीपाळीने तिच्याजवळ बसलो. आज दहा महिन्यांची आहे, अजून पट्टा ओढते, मांजर दिसले की माझा खांदा निखळेल असे वाटते. पण दुपारी दीड वाजला की सासूबाई स्वतः गोणपाट झटकून अंथरतात, आणि त्या आडव्या झाल्या की तीही होते.

फोंडा, कवळे, बांदोडे, मार्दोळ या भागात कोणाच्या घरी असे आवरत नसलेले पिल्लू असेल, तर ते निवाऱ्यात नेण्याआधी मला इथे मेसेज करा आणि रविवारी सकाळी त्याला घेऊन आमच्याकडे या. येताना एकच करा, आधीचे तीन दिवस ते किती वाजता झोपले आणि किती वाजता उठले, हे कागदावर लिहून आणा.