संक्रमण म्हणजे कोरोना नव्हे

गेल्या महिन्यात नागपूरला एका हॉलमध्ये युवकांसाठी हवामान बदलावर दिवसभराचा कार्यक्रम होता. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो, चंद्रपूर जिल्ह्यात. 'तुमच्याकडून चार विद्यार्थी पाठवा' असं पत्र आलं म्हणून पहाटेची एसटी धरून आम्ही गेलो. स्टेजवर मोठं बॅनर : 'न्याय्य संक्रमण आणि युवाशक्ती'. माझ्या शेजारचा पोरगा, ज्याचे बाबा कोळसा खाणीत ठेकेदाराच्या डंपरवर आहेत, तो कानाशी वाकून म्हणाला, "सर, आता कोणतं संक्रमण आलं जी? मास्क नाही आणला आपण."

हसायला आलं, पण चूक त्याची नव्हती. आमच्याकडे बातम्या निम्म्या हिंदीतून कानावर पडतात आणि २०२० पासून संक्रमण या शब्दाला एकच अर्थ उरलाय. मी त्याला हळूच सांगितलं, कोळशावरून सूर्यावर जायचं, पण जाताना कोळशावर पोट असलेल्या माणसाला रस्त्यात सोडायचं नाही, असा त्याचा अर्थ. तो म्हणाला, "मंग असंच लिहाचं ना."

मग वितळणारा बर्फ दाखवला. पांढरं अस्वल दाखवलं. प्लास्टिक वापरणार नाही अशी हात पुढे करून शपथ झाली. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर याच पोराने हात वर केला आणि विचारलं, "प्लान्ट अन् खाणी बंद झाल्यावर माझ्या बाबानं काय करावं?" सूत्रसंचालक ताई म्हणाल्या, "खूप छान प्रश्न! शेवटी घेऊ या." शेवटी जेवण होतं.

परत येताना एसटीत मी बराच वेळ गप्प होतो. तरुणांना हवामानाच्या कामात 'सहभागी करून घ्यायचं' म्हणतात, तेव्हा ते बाहेर कुठेतरी उभे आहेत असं धरलेलं असतं. आमची पोरं बाहेर नाहीत. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, महानिर्मितीचं सर्वांत मोठं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तर आमच्याकडे कोणी मान वळवून बघत नाही. दोरीवरचे कपडे घडी करण्याआधी झटकायचे असतात, हे इथल्या लेकराला शाळेआधी कळतं. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीच्या पोटात गेलं, कारण खाली जुन्या खाणीची पोकळी. या पोरांना अस्वल कशाला दाखवता?

आणि चंद्रपूरची माणसं उठत नाहीत असंही नाही. २००९ मध्ये ताडोबाजवळच्या लोहारा कोळसा खाणीविरुद्ध इको-प्रो या चंद्रपूरच्या पर्यावरण संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले होते. ती खाण झाली नाही. त्याच संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून गोंडकालीन किल्ल्याच्या परकोटावरची झाडंझुडपं हाताने उपटून काढली. मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायला घेतली, ऑक्टोबर २०१९ च्या त्या रात्री मुंबईची पोरं रस्त्यावर आली, तसंच हे. मात्र जंगल वाचवताना किंवा किल्ला झाडताना कोणाच्या घरातला पगार जात नाही. वीज केंद्राविरुद्ध घोषणा द्यायची तर आधी स्वतःच्या घरातल्या टिफिनविरुद्ध द्यावी लागते. एवढा साधा फरक आहे, आणि दिवसभराच्या कार्यक्रमात तो कोणी उच्चारला नाही.

आता कमेंटमध्ये येणारच : "देशाचं कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांवर गेलं, कसलं संक्रमण घेऊन बसलात?" बरोबर. देशाचा कोळसा उद्या संपत नाही. पण खाण संपते हो. वीज केंद्रातले २१० मेगावॅटचे पहिले दोन संच केव्हाच निवृत्त झाले. माझे वडील ज्या भूमिगत खाणीत होते ती बंद झाली तेव्हा मी अकरावीत होतो. कायम कामगारांची दुसरीकडे बदली झाली, म्हणून माझं शिक्षण झालं. गेटसमोरचा चहावाला, सायकल स्टँडवाला, ठेकेदाराकडे लाकडी टेकू वाहणारे लोक, यांची बदली कुठे होणार? ना परिषद झाली, ना बॅनर लागलं. ते लोक हळूहळू दिसेनासे झाले. संक्रमण तेव्हाही झालंच, त्यातला न्याय्य हा शब्द तेवढा राहून गेला होता.

याच कारणासाठी मी पोरांना दक्षिण आफ्रिकेतल्या कोमातीबद्दल सांगतो. तिथलं जुनं कोळशाचं वीज केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये कायमचं बंद केलं. सौर ऊर्जा, प्रशिक्षण केंद्र, जागतिक बँकेचा पैसा, सगळं कागदावर होतं. कंपनीच्या कायम कामगारांना दुसऱ्या केंद्रांवर पाठवलं. कंत्राटी कामगार आणि आजूबाजूचा धंदा मात्र आधी बसला, नवी कामं मागून येणार होती. हे ऐकल्यावर वर्गात शांतता पसरली. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आपल्याच इकडल्यासारखं." कोमाती कुठल्या खंडात आहे हे तोपर्यंत त्याने विचारलंही नव्हतं.

खाणीत गेलेल्या जमिनीचंही तेच. कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीच्या धोरणात घेतलेल्या दोन एकरांमागे एक नोकरी. सातबाऱ्यावर चार भाऊ असले तरी नोकरी एकच, मग घरात वर्षानुवर्षं अबोला. आणि त्याच शेतावर मजुरीला जाणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतंच, तिला काय मिळणार? उद्या खाण बंद झाल्यावरची यादीही सातबारा बघूनच केली, तर ती बाई दुसऱ्यांदा यादीबाहेर राहील.

आणि सौर क्षेत्रातल्या नोकऱ्यांविषयी जरा खरं बोलू. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, छतावर पॅनल दिसू लागलेत, माझे जुने विद्यार्थी ते बसवतात. चांगलंच आहे. पण त्यातल्या एकाला मी विचारलं, महिन्याचं किती पडतं? "काम असलं तं बारा-तेरा हजार. पावसाळ्यात घरीच." पीएफ? तो हसला. तिसऱ्या मजल्याच्या उतरत्या पत्र्यावर सेफ्टी बेल्टशिवाय चढतो तो. त्याचा मोठा भाऊ वीज केंद्रात कंत्राटी आहे. त्याचीही रड आहे, पण निदान गेटपास आहे, युनियन आहे, वेळेला भांडायला कोणी आहे. सौर कंपनीच्या ठेकेदाराच्या ठेकेदाराशी कोण भांडणार? हिरवी नोकरी म्हणून टाळ्या वाजवायच्या असतील तर आधी तिची पगाराची स्लिप दाखवा. माझ्या मते तरुणांनी हवामानासाठी करायचं पहिलं काम हेच, सौर कामाला किमान वेतन, विमा आणि बेल्ट मागणं. हे ऐकून पर्यावरणवाले मित्र मला कामगारवाला म्हणतात आणि युनियनवाले मला झाडवाला.

नागपूरहून आल्यावर मी एक उद्योग केला. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांतून रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी रक्कम त्यात येते, ती खाणबाधितांसाठी. कुठल्या कामांना प्राधान्य द्यायचं त्या यादीत कौशल्य विकास आहे, प्रदूषण नियंत्रण आहे. मी पोरांना सांगितलं, या पैशातून घेतलेल्या कामांची यादी शोधा आणि आपापलं गाव हुडका. राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' अभियानाच्या चित्रकला स्पर्धेला ज्यांना हाताला धरून बसवावं लागलं होतं, ती पोरं सुटीतही मोबाइलला चिकटून बसली. "सर, आमच्या गावाचं नाव दुसऱ्याच तालुक्यात असन का?" "सर, हे ठरवते कोण?" "ग्रामसभेत आपल्याले बोलू देते का जी?" तरुणांचा सहभाग कसा वाढवावा यावर मला अजून एखाद्या कार्यशाळेला पाठवू नका, आमचे तीन प्रश्न त्या दिवशीच फळ्यावर होते.

परवा प्रॅक्टिकल गच्चीवर घेतलं. आमच्याकडे शिकवण्यापुरतं एक पॅनल आहे. मी म्हटलं, आधी आहे तसं रीडिंग घ्या, मग पुसून घ्या. मीटर लावला, ५.२ अँपिअर. ओल्या फडक्याने पुसलं, फडकं काळं झालं, बादलीतलं पाणी काळं झालं. पुन्हा मीटर लावला, ६.१. पोरं एकमेकांकडे बघू लागली. जो नागपूरला प्रश्न विचारून आला होता, तो फडकं पिळत दूर वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बघून म्हणाला,

"सर, हे पुसाचं काम पर्मनंट राहते का जी?"