इरिडियम प्लग टाकला की गाडी पळते?

गाडीवाल्यांमध्ये स्पार्क प्लगबद्दल, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागाबद्दल, एक मेसेज जोरात फिरतोय. थोडक्यात असा: ‘साधा कॉपर प्लग फेका, इरिडियम टाका. पिकअप आणि मायलेज दोन्ही वाढतं. गॅप जरा वाढवला की ठिणगी आणखी तगडी. गाडी पळवत असाल तर एक नंबर थंड प्लग घ्या. मग आयुष्यभर प्लगकडे बघायला नको.’ एकेक दावा बघू.

आधी ते ‘कॉपर’. तांबं प्लगच्या गाभ्यात असतं, उष्णता वाहून न्यायला, आणि ते बहुतेक इरिडियम प्लगमध्येही असतंच. साध्या प्लगचं टोक असतं निकेलच्या मिश्रधातूचं. म्हणजे सामना निकेल विरुद्ध इरिडियम असा आहे.

पिकअपचं म्हणाल तर ताकद येते पेट्रोल-हवेच्या मिश्रणातून. प्लगचं काम ते वेळेवर पेटवणं. साधा प्लग ते दर वेळी नीट पेटवत असेल, तर महाग प्लग आणखी काय पेटवणार? मग लोकांना फरक जाणवतो तो कसा? मलाही जाणवला होता. माझ्या मोटरसायकलचा जुना प्लग काढला तेव्हा मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, आणि 0.8 मिमी गॅप (ठिणगी उडते ती फट) हवा तिथे फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांमधली, 1.1 ची पट्टी सहज आत जात होती. इरिडियम टाकला, गाडी एकदम मऊ. आठवड्याने खोडी म्हणून तो काढून साधाच, पण कोरा प्लग 0.8 वर लावून बसवला. गाडी तशीच मऊ! कौतुक नव्या प्लगचं होतं, धातूचं नव्हे.

गॅपचा सल्ला तर उलटा अंगावर येतो. अंतर वाढलं की ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते व्होल्टेज देणाऱ्या कॉइलची मर्यादा ठरलेली. थ्रॉटल पूर्ण पिळला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि व्होल्टेजची गरजही वाढते. त्यामुळे गाडी मिसिंग करते ती नेमकी चढावर किंवा ओव्हरटेक करताना. शिवाय इरिडियमचं टोक जेमतेम 0.4 ते 0.6 मिमी जाडीचं. गॅप वाढवायला त्यात पट्टी घालून रेटलं की ते तुटतं.

‘थंड’ या शब्दाने मात्र भलेभले फसतात. थंड प्लग म्हणजे टोकाची उष्णता इंजिनच्या हेडकडे (प्लग ज्यात बसतो तो वरचा भाग) लवकर सोडणारा. त्याच्या आतल्या चिनी मातीचं नाक आखूड असतं. टोक साधारण 450 अंश सेल्सियसच्या वर तापलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. 850 च्या आसपास गेलं तर मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा धोका. रोज गर्दीतून रांगत जाणाऱ्या गाडीत थंड प्लग घातला की काजळी साचते, वीज त्या काजळीतूनच निसटते आणि सकाळी किका मारत बसायचं. मेसेजमधलं ‘एक नंबर’ हेही गोंधळाचं: एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम.

आयुष्यभर? कारमध्ये निकेल प्लग साधारण 20 ते 30 हजार किलोमीटर जातो, इरिडियम एक लाखापर्यंत. दुचाकीत दोन्ही कमी.

इरिडियमला मी नावं ठेवत नाही. बारीक टोकामुळे ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं आणि ते झिजतं फार हळू. प्लग काढायला अर्धं इंजिन उघडावं लागत असेल तर पैसे वसूल. कंपनीनेच इरिडियम दिला असेल तर बचतीपायी खाली उतरू नका.

मेसेजमध्ये रीचचा, म्हणजे आट्यांच्या लांबीचा, उल्लेखच नाही. 12.7 मिमीच्या जागी 19 मिमीचा प्लग बसवलात तर तो आत डोकावतो आणि पिस्टन त्यावर आपटू शकतो. तिथे टोक निकेलचं होतं की इरिडियमचं, याने काही फरक पडत नाही.