'निघण्याआधी अर्धी गोळी': लहान मुलांना वॉटर पार्कला नेण्याच्या त्या मेसेजला उत्तर

परीक्षा संपल्या की नागपुरातल्या फॅमिली ग्रुपवर वॉटर पार्कच्या सहलींचं ठरायला लागतं. यंदा त्यासोबत एक लांबलचक मेसेज फिरतोय: 'पाच वर्षांखालच्या मुलांना वॉटर पार्क, थीम पार्कला नेताय? अनुभवी आईची 8 सिक्रेट. सेव्ह करून ठेवा, प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा.' खाली कोणाचं नाव नाही, कुठल्या डॉक्टरचा हवाला नाही. थोडक्यात त्यात असं आहे: तीन वर्षांच्या आत न्या, तिकीट लागत नाही आणि मेंदूचा विकास होतो. राइडला उंची कमी पडली तर जाड तळव्याचे बूट घाला. हाताला हवेचे फुगे बांधले की आईबाबा मोकळे. पाण्यात ऊन लागत नाही. स्विम डायपर दिवसभर बदलावा लागत नाही. पाण्याऐवजी ओआरएसचे टेट्रापॅक द्या. मूल किरकिर करू नये म्हणून निघण्याआधी अर्धी एव्होमिन द्या. हातावर मोबाईल नंबर लिहा.

मी असल्या मेसेजकडे दुर्लक्ष करते. पण परवा वहिनीचा फोन आला. भाचा अजून दोन वर्षांचाही झालेला नाही. ती विचारत होती, "ताई, अर्धी म्हणजे त्याला जास्त होईल का? पाव देऊ का?" ती शिकलेली आहे, मुलाच्या बाबतीत कमालीची काळजी घेणारी आहे, आणि तरी प्रश्न 'देऊ का' असा नव्हता, 'किती देऊ' असा होता. मेसेज तिच्यापर्यंत मामेसासूकडून आला होता, त्यामुळे शंका घ्यायचा प्रश्नच आला नाही. म्हणून सातवा मुद्दा आधी घेते. बाकीचे चुकीचे असले तरी या एका मुद्द्याने जीव जाऊ शकतो.

एव्होमिन ही गाडी लागू नये म्हणून घेतात ती गोळी, आणि तिच्यात प्रोमेथाझिन असतं. हे जुन्या पिढीतलं अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीवरचं औषध. ते मेंदूपर्यंत पोहोचतं, म्हणून गुंगी येते, आणि मेसेजवाल्यांना हवी आहे ती हीच गुंगी. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रण संस्थेने 2004 साली प्रोमेथाझिनच्या लेबलवर काळ्या चौकटीतला इशारा टाकायला लावला. औषधावर देता येतो तो हा सगळ्यात कडक इशारा. त्यात सरळ लिहिलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना हे औषध द्यायचं नाही, कारण श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. पुढचं वाक्य वहिनीच्या 'पाव देऊ का' याला थेट उत्तर आहे: वजनाच्या हिशोबाने कमी-जास्त अशा निरनिराळ्या डोसवर हे घडलेलं आहे. म्हणजे अर्धीच्या जागी पाव दिली की धोका टळला, असं नाही. दोन वर्षांच्या वरच्या मुलांनाही जपून, कमीत कमी प्रमाणात, असंच त्यात म्हटलं आहे. हा निर्णय मूल तपासलेल्या डॉक्टरांचा. मामेसासूचा नाही आणि मेडिकलच्या काउंटरवरच्या पोराचाही नाही.

बरं, गाडी लागते म्हणून द्यावी म्हणाल, तर गाडी लागण्याचा त्रास प्रामुख्याने दोन ते बारा या वयात होतो. त्याहून लहान बाळांना तो फारसा होत नाही, हे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या प्रवास-आरोग्याच्या माहितीत नमूद आहे. अमरावती रोडने बाजारगावकडच्या वॉटर पार्कला जायचं म्हटलं तरी तासाभराचा रस्ता. त्यासाठी दीड-दोन वर्षांच्या पोराला गुंगीचं औषध? काही मुलांना या औषधाने झोप न येता उलट ती जास्त चिडचिडी आणि सैरभैर होतात, तेही डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे.

आता हेच औषध घेतलेलं मूल नागपूरच्या मे महिन्यात नेऊन पाहा. इथे 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. उन्हामुळेच विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. प्रोमेथाझिनने तोंडाला कोरड पडते आणि घाम येणंही कमी होतं. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा मुलाचा मुख्य मार्गच त्याने अडतो. सकाळी आठला दिलेल्या गोळीचा असर दुपारीही असतो, म्हणजे नेमका मूल पाण्यात किंवा उन्हाच्या रांगेत असतं तेव्हा.

सगळ्यात मोठी भीती मला वाटते ती पुढे. ऊन लागलेलं मूल कसं ओळखायचं? ते मलूल होतं, मान टाकतं, हाक मारली तर नीट बघत नाही, ओठ सुकतात, कित्येक तास सू होत नाही, अंग तापतं. यातली पहिली तीन लक्षणं गोळी दिलेल्या मुलात तशीही दिसणार. दुपारी दोन वाजता आईच्या खांद्यावर मूल लोंबतंय, आई म्हणते "गोळीने झोपलं असेल," आणि कोणी त्याला उठवून पाहत नाही. दवाखान्यात न्यायची वेळ त्याच समजुतीत निघून जाते. त्यात दिवसभर रडारड नाही म्हणून घरचे वर खूशही असतात.

आपल्या शहराने औषधांच्या बाबतीत इतकं बेफिकीर राहू नये, याला कारण आहे. 2025च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातली लेकरं किडन्या निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांमध्ये आणली जात होती. वीसहून अधिक मुलं गेली. तो प्रकार खोकल्याच्या सिरपमधल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाचा होता, प्रोमेथाझिनचा त्याच्याशी संबंध नाही. पण त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली होती: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे देऊ नयेत. हे सांगते, कारण ग्रुपवर कोणीतरी लगेच लिहिलं होतं, "एव्होमिन नसेल तर सर्दीचं सिरपही चालते, पोट्टं मस्त झोपते." नाही चालत. सहल सोपी व्हावी म्हणून मुलाला गुंगीत ठेवायचं, हा विचारच मुळात डोक्यातून काढायला हवा.

हाताच्या फुग्यांचा मुद्दा याच्या खालोखाल घातक. मेसेजमध्ये शब्द आहेत, 'फुगे बांधा आणि निवांत बसा.' लहान मुलांच्या हौदाकडे एकदा लक्ष देऊन बघा. मधे मशरूमच्या आकाराचं कारंजं, पाणी फूट-दीड फूट, काठावर ओळीने बसलेले मोठे, हातात मोबाईल. दीड वर्षाचं मूल घसरतं तेव्हा डोकं जड असल्यामुळे तोंडावर पडतं. फुगे दंडाला वर उचलून धरतात, तोंडाला नाही. ओल्या हातावरून ते कोपराकडे सरकतात आणि मुलाने दोन्ही हात वर केले की निसटतातही. बुडणारं मूल ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास लागतो. फूटभर पाण्यातही हे होतं, बाथरूमच्या बादलीतही होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024च्या अहवालानुसार जगात वर्षाला अंदाजे तीन लाख माणसं बुडून मरतात, आणि त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं असतात. बालरोगतज्ज्ञांचा नियम साधा आहे: पाण्यातलं लहान मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर हवं आणि त्या माणसाचं दुसऱ्या कशातही लक्ष नको. फुगे हौस म्हणून घालायचे तर घाला, पण त्यांच्या भरवशावर काठावर बसू नका. आळीपाळीने एकेकाने पाण्यात उतरा, आणि कोणाची पाळी आहे ते तोंडाने बोलून ठरवा. 'मला वाटलं तू बघतोयस' हे वाक्य अशाच गर्दीत येतं. पोहण्याचा पोशाख निळा घेऊ नका, निळ्या हौदात तो दिसत नाही. भडक केशरी किंवा पोपटी घ्या.

पाण्यात ऊन लागत नाही, यात अर्धं खरं आहे ते मान्य करते. आपलं ऊन कोरडं आहे, त्यामुळे ओलं अंग खरंच थंड पडतं. खसाच्या पॅडवरून आलेली हवा गार लागते ती याच कारणाने. पण गार वाटलं म्हणून तहान जाणवत नाही आणि मूल पाणी मागत नाही, तेव्हा दर वीस मिनिटांनी आपणच पाजायचं. शिवाय अंग गार असलं तरी ऊन कातडी भाजायचं थांबत नाही, उलट पाण्यावरून परतलेलं ऊन खालूनही लागतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावूनही उन्हात न्यायचं नसतं, त्याला सावलीतच ठेवायचं. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण बारा ते तीन या वेळेत उन्हात जाऊ नका म्हणतं, आणि पार्कच्या दिवसाची भर दुपार नेमकी तीच. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत तर पाच वर्षांखालच्या मुलाला वॉटर पार्कला नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओआरएसच्या टेट्रापॅकबद्दल थोडक्यात. दुकानात त्या नावाने मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2025मध्ये, हे सूत्र न पाळणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' लिहायलाच मनाई केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला होता. जुलाब-उलट्यांसाठी पुडी घ्या, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवा. नुसत्या तहानेला साधं पाणी, ताक, घरचं पन्हं पुरतं. बाहेरचं खाणंपिणं आत नेऊ देत नसतील तरी बाळाचं खाणं आणि पाणी याबद्दल आदल्या दिवशी फोन करून विचारा.

स्विम डायपर फक्त घट्ट विष्ठा थोडी धरून ठेवतो, पातळ शी आणि जंतू त्यातून सुटतात. दर तासाला हौदापासून दूर जाऊन तपासायचा, बदलायचा. मुलाला जुलाब असतील तर तिकीट वाया गेलं तरी चालेल, जाऊ नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी व्यवस्थित क्लोरीन टाकलेल्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त जगतो, आणि त्याच हौदात दुसऱ्यांची तान्ही मुलं पाणी गिळत असतात.

बुटांच्या युक्तीने मात्र मला फार संताप आला. राइडपाशी रंगवलेली उंचीची पट्टी तिकीट वाढवण्यासाठी नसते. सीट आणि मांडीवरचा लोखंडी दांडा किती मोठ्या शरीराला धरून ठेवू शकतो, त्यावरून ती ठरलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाची मधली उंची 96 सेंटिमीटर, मुलीची 95, आणि चार वर्षांना दोघांची 103च्या आसपास. जाड तळव्याने दोन-तीन सेंटिमीटर मिळतात, ती पायाखाली. कंबर आणि मांड्या आहेत तेवढ्याच राहतात. दांडा बसतो, पण मूल त्याच्या खालून सरकू शकतं. 2022च्या मार्चमध्ये फ्लोरिडात उंचावरून खाली सोडणाऱ्या एका राइडमधून चौदा वर्षांचा मुलगा पडून मेला. तो सीटच्या मानाने मोठा होता आणि कुलुपाचा सेन्सर हाताने बदलून फट वाढवली होती, असं चौकशीत निघालं. तिथे शरीर मोठं होतं, इथे लहान. पण सीट जेवढ्यासाठी बनवली त्याच्या बाहेरचं माणूस तिच्यात बसवलं, ही गोष्ट दोन्हीकडे एकच. आणि ज्या आईवडिलांनी पट्टी चुकवली, ते ऑपरेटरला तरी कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

मेंदूच्या विकासाचं काय? धावणं, पाण्यात खेळणं, नवी माणसं बघणं मुलांना चांगलंच. पण ते सगळं महाराजबागेत, सेमिनरी हिल्सच्या बालोद्यानात, तेलंगखेडीच्या बागेत, अंगणातल्या टबातही होतं. त्यासाठी पार्कच लागतं असं म्हणणाऱ्याने आधी आधार दाखवावा.

फोन नंबरचा सल्ला बरा आहे, तो नाकारत नाही. फक्त पेनची शाई पाण्यात पुसते, तेव्हा नंबर लिहिलेला वॉटरप्रूफ पट्टा मनगटावर बांधा आणि सकाळी निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढून ठेवा.

तिकिटाचंही अर्धं खरं आहे. बऱ्याच पार्कमध्ये तिकीट वयावर नसून उंचीवर असतं आणि अगदी लहानांना फुकट सोडतात. पण फुकट गेलेल्या मुलाला बहुतेक राइड बंद असतात, आणि त्याला सांभाळायला एक मोठा माणूस पूर्ण तिकीट काढून दिवसभर काठावर थांबतो. न्यायचंच असेल तर दिवाळीनंतर थंडी पडायच्या आधी किंवा फेब्रुवारीत न्या. सकाळी उघडताच आत शिरा आणि जेवणाआधी बाहेर पडा. तिकीट काढण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: लहानांच्या हौदाची खोली किती, तिथे वेगळा जीवरक्षक उभा असतो का, आणि मुलाला झोपवायला सावलीतली जागा कुठे आहे. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरं ठिकाण बघा.